वेळ मागण्याआधी काम मांडा: वरिष्ठ पद आणि लहान मूल सांभाळताना लवचिक वेळेची घडी कशी बसवायची

चूक नेहमी एकाच जागी होते. वीस-तीस माणसांची टीम सांभाळणारी व्यक्ती मूल झाल्यावर एका दुपारी बॉसच्या केबिनमध्ये जाते आणि म्हणते, "मला जरा फ्लेक्सिबिलिटी लागेल." बॉस भला असतो. "हो, घे की! त्यात काय विचारायचं?" म्हणतो. दोघंही हलक्या मनानं उठतात. तीन महिन्यांनी तीच व्यक्ती मूल झोपल्यावर रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडून दिवसाचं राहिलेलं काम उपसत बसलेली असते. बदल झालेला असतो तो एवढाच की आता संध्याकाळी पाचला ऑफिसमधून निघताना तिला चोरट्यासारखं वाटतं.

मी हे स्वतः केलंय. मुलगी दहा महिन्यांची होती, बायको पुन्हा कामावर रुजू होत होती. मी बॉसला दोन ओळींचा ईमेल टाकला आणि "ओके" असं उत्तर आलं. ते "ओके" नेमकं कशाला होतं, हे मलाही माहीत नव्हतं आणि त्यांनाही. दुसऱ्या वेळी मी आधी सहा आठवडे तयारी केली. खाली दिलेला क्रम त्या दुसऱ्या वेळचा आहे, शिवाय नंतर हाताखालच्या लोकांच्या अशा विनंत्या माझ्याकडे आल्या तेव्हा जे दिसलं तेही त्यात आहे.

पहिले पाच टप्पे तयारीचे आहेत. बॉसशी बोलणं सहाव्याच्या पुढे येतं. हा क्रम उलटा केलात तर वेळ मिळेल, पण काम तिथंच राहील.

## टप्पा 1: दोन आठवडे खऱ्या वेळेची नोंद ठेवा

कॅलेंडरवर विसंबू नका. त्यात मीटिंगा दिसतात. मीटिंग संपल्यावर दारात अडवून विचारलेले प्रश्न, जेवताना दिलेल्या मंजुऱ्या आणि रात्रीचे मेसेज दिसत नाहीत. साधी वही किंवा स्प्रेडशीट घ्या आणि चार रकाने आखा: काय केलं, किती मिनिटं लागली, ते त्याच वेळी करणं भाग होतं का, आणि ते मीच करणं भाग होतं का. शेवटच्या दोन रकान्यांत फक्त हो किंवा नाही.

आठवडे नेहमीचे निवडा. तिमाहीअखेर किंवा बजेटचा आठवडा घेतलात तर चित्र भडक येईल, सुट्ट्यांचा घेतलात तर फिकं.

माझ्या वहीतल्या एका मंगळवारच्या तीन ओळी देतो. सकाळी 10 ते 11, साप्ताहिक आढावा: त्याच वेळी? हो. मीच? नाही, तासाभरात मी एकदाच तोंड उघडलं. 11:10 ते 11:50, सवलतीच्या सहा मंजुऱ्या: त्याच वेळी? नाही. मीच? इथे मी आधी "हो" लिहिलं होतं. मग जुन्या नोंदी चाळल्या. वर्षभरात त्या प्रकारची एकही मंजुरी मी नाकारली नव्हती. म्हणजे मी काही तपासत नव्हतो, नुसता टोलनाका लावून बसलो होतो. "हो" खोडून "नाही" केलं. तिसरी ओळ, रात्री 9:40 ते 10:25, दुसऱ्या दिवशीच्या सादरीकरणातल्या स्लाइड नीट करणं: दोन्ही रकान्यांत नाही. तरीही केलं, कारण ते मला आवडतं.

दोन आठवड्यांनी कामाचे चार ढीग होतात. दोन्हीकडे "हो" असलेली कामं जागची हलत नाहीत. "त्याच वेळी, पण मीच नाही" ही दुसऱ्याकडे द्यायची. "मीच, पण कधीही चालेल" ही कामं मूल झोपल्यावर किंवा पहाटे, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा करता येतात. दोन्हीकडे "नाही" असलेली बंद करायची.

तपासा: पहिल्या ढिगाचे तास मोजा. ते आठवड्याच्या निम्म्याहून बरेच जास्त भरले, तर नुसत्या वेळा सरकवून भागणार नाही. तुमची भूमिकाच बदलावी लागेल किंवा दोघांत वाटावी लागेल. हे आत्ताच कळलेलं बरं.

## टप्पा 2: घरची गरज तासांत लिहा

"मुलाला वेळ द्यायचाय" ही भावना आहे, मागणी नव्हे. मागणी अशी दिसते: सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी साडेपाचला पाळणाघराच्या दारात हजर, रोज रात्री साडेसात ते साडेआठ फोन बंद.

घरच्या गरजा तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा असतो. लोक तिन्हींची खिचडी करतात आणि तिन्हींसाठी मिळून एकच "फ्लेक्सिबिलिटी" मागतात.

रोजच्या ठरलेल्या गोष्टी, म्हणजे सोडणं, आणणं, झोपवणं. यांच्यासाठी पक्कं वेळापत्रक लागतं.

आधी माहीत असलेल्या पण कधीमधी येणाऱ्या गोष्टी, म्हणजे लसीकरण, शाळेतल्या पालकसभा, लांबलचक सुट्ट्या. शाळेचं वर्षाचं वेळापत्रक हातात आलं की त्याच दिवशी सगळ्या तारखा ऑफिसच्या कॅलेंडरवर चढवा. शाळेच्या सुट्ट्यांचे कामाचे दिवस मोजा आणि शेजारी दोघांच्या मिळून हातात असलेल्या रजा लिहा. खड्डा बहुतेक वेळा मोठा निघतो. तो सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात कळू नये.

तिसऱ्या प्रकारात अचानक उद्भवणाऱ्या गोष्टी. ताप, सांभाळणाऱ्या बाईंची गैरहजेरी, दुपारी आलेला फोन. घडी इथेच विस्कटते. आमच्याकडे ती विस्कटली तेव्हा मी संचालकांसमोर वार्षिक आराखडा मांडत होतो. सकाळी 11:20 ला पाळणाघरातून बायकोला फोन आला, ती विमानात. मग मला आला, माझा फोन सायलेंटवर. तिसरा नंबर त्यांच्याकडे नव्हता. पाऊण तास मुलगी तापात कण्हत पडली होती आणि मी आलेख समजावत होतो.

त्यानंतर आम्ही दोन नियम केले. पहिला, प्रत्येक आठवड्याला "तापाची पाळी" एकाची. ज्याची पाळी, त्यानं त्या आठवड्यात प्रवास किंवा न हलवता येणारी मीटिंग ठेवायची नाही; ठेवावीच लागली तर आठवड्यांची अदलाबदल आधीच करायची. दुसरा, आमच्याखेरीज आणखी दोन माणसांची नावं आणि नंबर पाळणाघरात लेखी द्यायचे. त्या माणसांना मूल घरी नेण्याची लेखी परवानगीही द्यायची, कारण नुसता नंबर असून उपयोग नाही.

तपासा: पर्यायी माणसाची एकदा रंगीत तालीम घ्या. सगळं सुरळीत असलेल्या एखाद्या दिवशी त्यांना मुलाला आणायला पाठवा. ओळखपत्र लागतं, मूल रडतं, गाडीत मुलाची सीट नसते, हे सगळं त्या दिवशी कळतं.

दोघं पालक असाल तर वाटणी दिवसांनी करा, कामांनी नको. "मी मदत करतो" म्हणणाऱ्याकडे जबाबदारी कधीच नसते. मी ऑफिसात वेळेची फार काटेकोर आखणी केली तेव्हा बायकोनं विचारलं होतं, "तुझी ही फ्लेक्सिबिलिटी ऑफिसला वाकवण्यासाठी आहे, की मला?" मंगळवार आणि गुरुवार माझे, म्हणजे त्या दिवशी डबा, औषध, शाळेचा निरोप, सगळंच माझं. एकटे पालक असाल तर पर्यायी माणसांची यादी हाच तुमच्या व्यवस्थेचा पाया आहे. दोन नव्हे, तीन-चार नावं लागतील.

सावधान: घरून काम म्हणजे मुलाला सांभाळण्याची सोय नव्हे. लहान मूल आणि महत्त्वाचा कॉल एकाच खोलीत, एकाच माणसाकडून, रोजच्या रोज होत नाही. घरून काम केल्यानं प्रवासाचा वेळ वाचतो आणि तेवढाच हाताशी येतो. सांभाळायला वेगळं माणूस लागतंच.

## टप्पा 3: निर्णय हलवा

हा टप्पा सगळ्यात लांबचा, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. वरिष्ठ पदावरचं काम तासांनी फारसं मोजलं जात नाही; तुमच्यापाशी किती निर्णय अडकून पडतात यावर ते ठरतं. तुम्ही चारला निघालात आणि सात जण तुमच्या होकाराची वाट पाहत बसले, तर ते सातही जण साडेचारला फोन करणार. दोष त्यांचा नाही.

टप्पा 1 च्या वहीतून लोक तुम्हाला काय काय विचारतात याची यादी काढा. वीस-पंचवीस प्रकार निघतील. प्रत्येकाला तीनपैकी एक खूण करा:

क: ते ठरवतील, मला सांगायचीही गरज नाही.
ख: ते ठरवतील, त्याच दिवशी एका ओळीत कळवतील.
ग: मला विचारल्याशिवाय नाही.

पहिल्या फेरीत जवळपास सगळं "ग" मध्ये पडतं. एक दिवस जाऊ द्या आणि पुन्हा बसा. प्रत्येक "ग" पाशी विचारा, हा निर्णय चुकला तर तो आठवडाभरात दुरुस्त करता येईल का? येत असेल तर तो "ख". माणूस नेमणं, माणूस काढणं, कायदेशीर बंधन घालणारी सही, मोठ्या ग्राहकाला दिलेला शब्द, असं थोडंच "ग" मध्ये उरायला हवं.

मग मर्यादा आकड्यांत लिहा. "छोट्या सवलती तुम्हीच बघा" असं सांगून काही होत नाही. छोटी म्हणजे किती, यासाठी पुन्हा फोन येतोच. "पाच टक्क्यांपर्यंतची सवलत, जुना ग्राहक, थकबाकी नाही: तुम्ही ठरवा" असं लिहिलं की फोन थांबतो. कंपनीच्या नियमांत सही तुमचीच लागत असेल तर तो अधिकार रीतसर सोपवून घ्या. पासवर्ड देणं हा सोपवण्याचा मार्ग नव्हे, आणि ही चूक मी पाहिलेली आहे.

सगळं एकाच "उजव्या हाता"च्या गळ्यात घालू नका. दोन-तीन जणांत विषयवार वाटा. ज्यांच्याकडे जास्त जबाबदारी जातेय त्यांच्या कामाच्या वर्णनात आणि अप्रेझलमध्ये ती लिहून द्या, शक्य असेल तर पगारातही दिसू द्या. नाहीतर तुमची लवचिकता म्हणजे दुसऱ्याच्या संध्याकाळी ओढून घेणं, आणि टीमला ते लगेच कळतं. कदाचित त्याच्याही घरी लहान मूल असेल.

मीटिंगांचंही हेच. प्रत्येक नेहमीच्या मीटिंगपाशी लिहा: मी जाणार, माझ्याऐवजी अमुक जाणार, किंवा फक्त टिपण वाचणार. ज्यांची वेळ तुम्ही ठरवता त्या मीटिंगा दिवसाच्या मधल्या पट्ट्यात आणा. टीममधल्या इतर पालकांनाही तोच पट्टा सोयीचा पडतो.

सावधान: दिलेला निर्णय रात्री उलटवू नका. पटला नाही तरी, मोठं नुकसान होणार नसेल तर जाऊ द्या आणि पुढच्या भेटीत मर्यादा बदला. एकदा उलटवलात की दुसऱ्या दिवसापासून सगळे पुन्हा सगळंच विचारायला येतात.

तपासा: ही व्यवस्था मागणी करण्याआधी तीन आठवडे चालवून बघा. "ख" च्या किती ओळी आल्या, त्यातल्या किती निर्णयांवर तुम्ही खरोखर वेगळं काही केलं असतं, याची नोंद ठेवा. बॉससमोर हाच तुमचा सगळ्यात भक्कम कागद.

## टप्पा 4: साचा निवडा

आता वेळेकडे या. साचे बरेच आहेत. टप्पा 1 आणि 2 च्या कागदांवर जो बसतो तो घ्या, मैत्रिणीला लाभला तो नव्हे.

वेळ सरकवणं सर्वांत सोपं. तास तेवढेच, पण सातला सुरू आणि साडेतीनला बंद. मधला काही काळ, समजा 10 ते 3, सगळ्यांनी हजर. फक्त आणण्या-सोडण्याचा प्रश्न असेल तर इथेच थांबा, पगारही कापला जात नाही. दिवसाचे दोन तुकडे करणं, म्हणजे चारला निघून रात्री साडेआठ ते दहा पुन्हा बसणं, हाही रास्त साचा आहे, पण तो ठरवून घेतलेला असेल तरच. आठवड्यात किती रात्री, ते लिहा. मी तीन रात्रींवर आणला तेव्हा टिकला; पाच रात्री महिनाभरही चालला नाही.

चार दिवसांत पाच दिवसांचं काम ऐकायला गोड वाटतं. 40 तासांचा आठवडा असेल तर रोजचे 10 तास होतात, वर प्रवास. मूल उठायच्या आधी निघायचं आणि झोपल्यावर परतायचं, असे चार दिवस, एका मोकळ्या दिवसासाठी. शाळकरी मुलाला एखादे वेळी चालेल. एक-दोन वर्षांच्या बाळासाठी मी हा साचा सुचवत नाही. त्याचाच सौम्य प्रकार म्हणजे पंधरवड्यात नऊ दिवस: 80 तास नऊ दिवसांत, म्हणजे रोज साधारण 8 तास 53 मिनिटं, आणि एक दिवस मोकळा. हा पुष्कळ जास्त झेपतो.

कमी तास, कमी पगार, उदाहरणार्थ 80 टक्के. इथे सगळ्यात जास्त माणसं फसतात. 40 तासांचे 32 होतात, पगार पाचव्या हिश्शानं कमी होतो आणि उद्दिष्ट मात्र पूर्वीइतकंच राहतं. मग पाचव्या दिवसाचं काम चार रात्रींत होतं, तेही फुकट. तास कमी करत असाल तर त्याच कागदावर काय काय कमी होतंय ते नावानिशी लिहा: कोणता प्रदेश, कोणते ग्राहक, किती माणसं, उद्दिष्ट किती टक्के. ते लिहायला कंपनी तयार नसेल तर पूर्ण पगारावर वेळ सरकवा, पगार कापून घेऊ नका.

एक पद दोघांत वाटून घेणं हा वरिष्ठ पातळीवर कमी वापरला जाणारा पण चांगला पर्याय. दोघांनी प्रत्येकी तीन दिवस, त्यातला एक दिवस दोघंही हजर, म्हणजे सहा दिवसांचा पगार. कंपनीला पाचव्या हिश्शाचा जादा खर्च येतो, हे आधीच मान्य करून बोला. सामाईक दिवस वाचवायला जाऊ नका. हस्तांतर त्याच दिवशी होतं, आणि तो नसला की ग्राहक दोघांना वेगवेगळी उत्तरं मिळवतो.

## टप्पा 5: नियम आणि पैसे

आधी कंपनीचं धोरण वाचा, मग तुम्ही जिथे नोकरी करता तिथला कायदा. बहुतेक ठिकाणी तुम्हाला मागण्याचा हक्क असतो, मिळण्याचा नव्हे. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचिक कामाची रीतसर विनंती करता येते. 12 महिन्यांत दोनदा, आणि मालकानं एरवी दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. ऑस्ट्रेलियात शाळकरी किंवा त्याहून लहान मुलाच्या पालकानं 12 महिने सलग नोकरी केली असेल तर लेखी विनंतीला 21 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशानुसार किमान 8 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांना अशी विनंती करण्याचा हक्क आहे. भारतात 2017 च्या दुरुस्तीनं मातृत्व रजा पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची झाली आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर परस्परसंमतीनं घरून काम करण्याची तरतूद आली. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोयही तिनंच आणली. "परस्परसंमतीनं" हा शब्द लक्षात ठेवा. म्हणजे प्रस्ताव तुम्हालाच नीट बांधावा लागणार.

पैशांबद्दल एचआरला विचारायचे प्रश्न लेखी पाठवा, लेखी उत्तर घ्या. तास कमी झाले तर बोनस कोणत्या पगारावर? निवृत्तिनिधी, विमा, रजेचा हिशेब, शेअर मिळण्याच्या तारखा यांवर काय परिणाम? नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमा शेवटच्या पगारावर असतील तर कोणता पगार धरणार? पूर्ण वेळेवर परत यायचं झालं तर तो हक्क की पुन्हा विनंती? हा शेवटचा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही.

## टप्पा 6: एका पानाचा प्रस्ताव

पान एकच, कारण बॉस ते पुढे पाठवणार असतो. पाच भाग पुरतात: काय हवंय, काम कसं चालेल, तातडीच्या वेळी काय, चाचणी किती दिवस, यश कशावरून ठरवायचं.

माझ्या पानातला मजकूर साधारण असा होता: "मंगळवार व गुरुवार दुपारी 4 ला निघणार, त्या दिवशी रात्री 8:30 ते 10 उपलब्ध. इतर दिवस नेहमीप्रमाणे. सोबतच्या तक्त्यानुसार 23 पैकी 17 प्रकारचे निर्णय टीमकडे; गेले तीन आठवडे हे सुरू आहे, त्यात एक निर्णय मला बदलावा लागला. दुपारी 4 नंतर तातडीचं असेल तर फोन, मेसेज नाही. चाचणी 12 आठवडे. मोजायचं: ग्राहकाला उत्तर जायला लागणारा वेळ, तिमाही उद्दिष्ट, टीमच्या तक्रारी."

मुलाबद्दल एक ओळ पुरे. दोन परिच्छेद लिहिलेत की वाचणारा तुमची कीव करायला लागतो आणि कामाचा भाग वाचायचा राहतो. "उपकार होतील", "शक्य झालं तर" हेही काढा.

तपासा: पान तुमच्या विभागाबाहेरच्या एखाद्याला वाचायला द्या आणि विचारा, "गुरुवारी पाचला ग्राहक चिडला तर काय होईल?" त्यांना उत्तर पानात सापडलं नाही तर पान अपुरं आहे.

## टप्पा 7: बोलणी

वेळ मागून घ्या, कॉरिडॉरमध्ये गाठू नका. पान दोन दिवस आधी पाठवा. तिथल्या तिथे होकार मिळाला तरी संध्याकाळी ईमेलवर ठरलेलं लिहून पाठवा. बॉस बदलतात, आणि नव्या बॉसला तोंडी होकाराशी काही देणंघेणं नसतं.

"मग सगळेच मागतील" हा आक्षेप येतोच. त्यावर वाद घालू नका. "ज्याच्या कामाचा असा तक्ता तयार असेल त्यानं मागायला हरकत नाही" एवढं म्हणा. "ग्राहकाला काय सांगायचं?" यावर ग्राहकाला कोण भेटणार ते नावानिशी सांगा. नकार आला तर कारण लेखी मागा आणि छोटा तुकडा पुढे करा: दोन दिवसांऐवजी एक, 12 आठवड्यांऐवजी 6. छोटी चाचणी नीट पार पडली की मोठी मागणी आपोआप हलकी होते.

## टप्पा 8: पहिले 12 आठवडे

टीमला पहिल्याच दिवशी उघड सांगा. विशेषतः बापांना हे सांगतो, कारण आम्ही "बाहेर एक मीटिंग आहे" म्हणून मुलाला आणायला पळतो. वरिष्ठानं लपवलं की खालच्यांना कळतं, ही लपवायची गोष्ट आहे. कॅलेंडरवर "खासगी" न लिहिता मी "मुलीला आणायला" असं लिहायला लागलो. दोन महिन्यांत टीममधल्या आणखी तिघांच्या कॅलेंडरवर तसं दिसू लागलं.

"तातडीचं" म्हणजे काय ते लिहून भिंतीवर लावा. आमची यादी तीन ओळींची होती: कुणाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका, ग्राहकाचं काम ठप्प, आज रात्री संपणारी कायदेशीर मुदत. बाकी सगळं सकाळी.

निघायच्या आधीची 20 मिनिटं मोकळी ठेवा आणि त्यात हस्तांतराची चार ओळींची नोंद लिहा: काय अर्धवट आहे, कोण बघतंय, कशाची वाट पाहतोय, उद्या पहिलं काय. चारच्या निघण्यासाठी 3:30 ते 4 मीटिंग घेतलीत तर तुम्ही 4:25 ला निघाल, दर वेळी.

रात्री काम केलंत तरी ईमेल सकाळी आठला जाईल असा लावा. तुम्ही रात्री पाठवलेली ओळ हाताखालच्याला हुकूम वाटते.

सावधान: अपवाद मोजा. "आजच्या दिवस थांबतो" प्रत्येक वेळी वहीत लिहा. महिन्याला दोन-तीन अपवाद चालतात. आठवड्याला दोन होऊ लागले तर व्यवस्था मोडली आहे. चाचणी संपायची वाट न बघता टप्पा 3 च्या तक्त्याकडे जा. बहुतेक वेळा "क" मधला एखादा प्रकार गुपचूप "ग" मध्ये परत आलेला असतो. माझ्याकडे सवलतीच्या मंजुऱ्या परतल्या होत्या. टीममध्ये नवीन माणूस आला होता आणि त्याला तक्ता कुणी दाखवलाच नव्हता.

## टप्पा 9: फेरतपासणी

सहाव्या आणि बाराव्या आठवड्याला बॉसशी अर्धा तास, प्रस्तावातल्या त्याच तीन मोजमापांवर. टीमलाही विचारा, पण "कसं चाललंय?" असं नको, त्यावर सगळे "छान" म्हणतात. "या महिन्यात मी नसल्यामुळे काय अडलं?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

अप्रेझलच्या आधी ठरलेलं उद्दिष्ट आणि कमी केलेला भाग पुन्हा लेखी समोर ठेवा, नाहीतर 80 टक्के तासांची तुलना शंभर टक्क्यांच्या सहकाऱ्याशी होते. बढतीच्या चर्चेत तुमचं नाव घेतलं जातंय का, हे थेट विचारा. "सध्या त्यांच्यावर लहान मुलाची जबाबदारी आहे" असं म्हणून परस्पर वगळलेली माणसं मी पाहिली आहेत. वगळणाऱ्यांना आपण चांगुलपणाच केला असं वाटत होतं.

मूल मोठं होतं तशी गरज बदलते. दहा महिन्यांच्या बाळाला संध्याकाळ हवी असते; शाळा सुरू झाली की दुपारचा प्रश्न येतो; दहा-अकरा वर्षांचं झालं की परीक्षेचे आठवडे. म्हणून व्यवस्थेवर मुदत घाला, सहा महिने किंवा वर्ष, आणि दर मुदतीला टप्पा 2 चा कागद नव्यानं लिहा. माझ्या आत्ताच्या कागदावर मंगळवार-गुरुवार नाहीत. शाळेची बस स्टॉपवर पोचते ते सव्वातीन ते पावणेचार एवढंच आहे, पाचही दिवस, आणि त्या अर्ध्या तासात मी फोन घरी ठेवून जातो.